कंपनीचं का बाहेरचं

पिसाळ सुभेदारांना मी पहिल्या दिवसापासून घाबरत आले. सुरुवातीची भीती गमतीची होती, हवीहवीशी. तिच्यासाठीच तर आम्ही दर रविवारी दुपारी तीन वाजता साताऱ्यात त्यांच्या घरी जमायचो. नंतरची भीती वेगळी होती. ती कुठे सुरू झाली ते मला नेमकं सांगता येतं. कुठे संपली ते मात्र अजून सांगता येत नाही.

मला तिथे नेलं माझ्या मावसभावाने, अमोलने. अमोल सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे काम करतो आणि तेव्हा दर रविवारी सकाळच्या एसटीने साताऱ्याला यायचा. मी इथे शाळेत विज्ञान शिकवते. "ताई, एक रिटायर सुभेदार आहेत, फाशांचा खेळ खेळवतात, एकदा चल," एवढंच तो म्हणाला होता. मला वाटलं सारीपाट असेल.

सारीपाट नव्हता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एकजण खेळ चालवतो. डोंगर, गावं, राक्षस, वादळं, सगळं त्याच्या तोंडून उभं राहतं. आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते अनेक बाजूंचे फासे ठरवतात. परदेशातला खेळ. सुभेदारांना तो बर्फाने रस्ता बंद झालेल्या एका चौकीवर एका तरुण कॅप्टनने शिकवला होता. वाई तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातला हा माणूस, सैन्यात गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. त्या चौकीवर डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. दोनदा.

बुटके होते ते, खांदे रुंद, केस अजून पलटणीतल्या मापाने कापलेले. टेबलावर करडं मिलिटरी कांबळं अंथरलेलं असायचं, फाशांचा आवाज होऊ नये म्हणून. आवाज फक्त त्यांचा. आणि तो जितका बारीक व्हायचा तितकं आमचं काळीज वर यायचं. माझ्या पहिल्याच रविवारी त्यांनी एका विहिरीचं वर्णन केलं. भर दुपार, खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत होता. सुभेदार म्हणाले, "पाणी काळं हाय. हलत न्हाई. पर तुमी वाकून बघितलं तवा तुमचं तोंड त्यात जरा उशिरा आलं." मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले ते चहा येईपर्यंत. मालनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कप ठेवताना हसून म्हणाल्या, "खाली सोडा पाय. फरशी कोरडी हाय."

सुभेदारांच्या तोंडी एक प्रश्न कायम असायचा : "कुठल्या पानावर?" कुणी म्हणालं, मला हे करता येतं, ती शक्ती माझ्याकडे आहे, की ते पुस्तक न उघडता विचारायचे, "कुठल्या पानावर?" आपण चाचरलो की स्वतःच पान सांगायचे, परिच्छेद सांगायचे. तीन वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत. नवा फासा कुणी आणला तर आधी ग्लासभर पाण्यात मूठभर मीठ घालून त्यात सोडायचे. तरंगणारा फासा टिचकी मारल्यावर दर वेळी एकच आकडा वर आणू लागला, तर तो आतून एका बाजूला जड. असला फासा बाद. काकूंची तक्रार असायची की घरातलं निम्मं मीठ राक्षस खातात.

या खेळात एक जुना वाद आहे. ज्या कंपनीने खेळ काढला ती स्वतःची पुस्तकं छापते. पण त्याच खेळासाठी बाहेरचेही कितीतरी लोक लिहितात. नव्या मोहिमा, नवी पात्रं, नव्या विद्या. कुणी छोटा प्रकाशक असतो, कुणी घरात बसून लिहिणारा एकटा माणूस. सुभेदारांच्या भाषेत एक "कंपनीचं" आणि दुसरं "बाहेरचं". मोटारीच्या सुट्या भागांबद्दल बोलतात तसं. त्यांच्या टेबलावर फक्त कंपनीचं चालायचं.

अमोलला ते जाचायचं. एकदा त्याने बाहेरच्या एका पुस्तकाच्या प्रिंटा काढून, स्पायरल बाइंडिंग करून आणलं. त्यात रक्ताच्या बदल्यात जादू करणारं एक पात्र होतं आणि त्याला तेच हवं होतं. सुभेदारांनी पुस्तक ठेवून घेतलं आणि पुढच्या रविवारी परत दिलं तेव्हा त्यात कागदाच्या एवढ्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या की ते मिटत नव्हतं.

"लिवणाऱ्यानं ह्ये खेळून बघितलेलं न्हाई," ते म्हणाले. "दुसऱ्या मोहिमेला तुजा गडी सगळ्यांना भारी हुतोय. मग ह्या मॅडम काय करणार? बसून बघणार?"

"काका, कंपनीच्या पुस्तकातही चुका असतात."

"असत्यात. पर ती चूक आपल्या आधी लय टेबलांवर झालेली असती. कुणीतरी वराडलेलं असतंय. ह्येच्यातली चूक पयल्यांदा आपल्याच ताटात."

अमोलने तेवढ्यावर सोडायला हवं होतं. तो म्हणाला, "एवढं काय घाबरायचं? खेळ तर आहे."

सुभेदारांनी फासे गोळा केले. मग कांबळ्याकडे बघत म्हणाले, "एकदा ताफा निघायचा हुता. एका गाडीचं ब्रेकचं रबर गेलं. कंपनीचा माल याला आठ दिवस. बाजारात दुकानावर मिळालं. दिसायला सेम. मीच लावलं, मीच सही केली. उतरणीला..." ते थांबले. आत काकूंनी नळ बंद केला. "डायवर पोरगेला हुता. नाव मी सांगत न्हाई कुणाला."

अमोलने हळूच विचारलं, "म्हणजे बाहेरचं सगळं वाईटच?"

"न्हाई गड्या. रबर वाईट हुतं का न्हाई, मला आजपत्तूर ठाव न्हाई. मी ते तपासलं न्हाई, ह्ये वाईट."

आणि हा माणूस हट्टी नव्हता, हेही सांगायला हवं. त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांनी स्वतःहून बाहेरची एक मोहीम टेबलावर आणली, कुणा अनोळखी बाईने लिहिलेली. एका बेटावर दीपगृह, दिवा सांभाळणारा गायब, आणि दिवा तरीही रोज लागतोय. आणण्याआधी सुभेदारांनी ती आमच्या सगळ्यांची पात्रं एकट्याने खेळून तीनदा तपासली होती. काकू सांगत होत्या, "तीन आठवडे ह्ये चार-चार आवाजात एकलेच बोलाय लागलेत. शेजारीण विचारून गेली, पाव्हणे आलेत का म्हणून." त्या मोहिमेइतकी मी कुठल्याच मोहिमेत घाबरले नाही आणि कुठलीच मला इतकी आवडली नाही. कंपनीची पुस्तकं त्यापुढे पाणचट वाटली. तसं मी म्हटलं तर सुभेदार खूश झाले. "कुणाचा छाप हाय ते नंतर बगायचं. कुणी तपासलंय ते आदी."

मागच्या दिवाळीनंतरचा रविवार. अमोलचा योद्धा पुलावरून नदीत पडला. माझ्या पात्राने वाकून त्याचा हात धरला. मी फासा उचलला, तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "थांबा. बुडणाऱ्याचा हात धरला तर दोघांनी फासा टाकायचा. दोघांचा मिळून आकडा धरायचा. कमी पडला तर दोघंबी पाण्यात. पान एकशे ब्याऐंशी."

आम्ही दोघांनी फासे टाकले. वाचलो. त्या क्षणी मला खरंच हाताला ओढ लागल्यासारखं वाटलं होतं.

सोमवारी दुपारी अमोलचा फोन आला. मागे बाजारातला गलका चालू होता. "ताई, पुस्तक आहे का जवळ? एकशे ब्याऐंशी काढ."

मी काढलं. घोड्यांचं सामान होतं तिथे. खोगीर, लगाम, नाल.

"काकांनी बाहेरचं वापरलं! आपल्याला न सांगता!" तो हसत होता. मीही हसले. मग मीच म्हटलं, "पण मग पान कशाला सांगितलं?"

त्याचं हसणं थांबलं. "बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढच्या तीन रविवारांत असे आणखी चार नियम आले. प्रत्येकाला पान होतं, परिच्छेद होता, आणि सांगताना आवाजात तीच खात्री. अमोलने इंटरनेटवर मिळतील तेवढी बाहेरची पुस्तकं पालथी घातली. त्यातला एकही नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. ते कळलं तेव्हा आम्ही दोघेही घाबरलो, पण एकमेकांना तसं म्हणालो नाही. आपण म्हटलं की ते खरं होईल असं मला वाटत होतं.

शेवटी अमोलनेच तोंड उघडलं. सुभेदारांनी सहावा नियम सांगितला आणि अमोल खाली बघत म्हणाला, "काका, कुठल्या पानावर?"

त्या टेबलावर हा प्रश्न त्यांना कुणी कधीच विचारला नव्हता. ते हसले. "दोनशे सात." पुस्तक ओढून घेतलं, उघडलं. एक पान उलटलं. परत आले. पुढे गेले. बोट ओळींवरून सरकत होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. पानांचा आवाज वाढत गेला.

"पानं कुणी फाडली?" ते एकदम ओरडले. "मालन! ह्या पुस्तकाला कुणी हात लावला?"

काकू दारात आल्या. पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. पुस्तकाचं एकही पान फाटलेलं नव्हतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. सुभेदारांनाही दिसलं. त्यांनी पुस्तक मिटलं, त्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाले, "आज एवढंच."

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ते माझ्या प्रयोगशाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, बूट चकाकते. डॉक्टरकडून आले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. ते इंग्रजी नाव त्यांनी मला कागदावरून वाचून दाखवलं. स्कूटर बंद करायला सांगितली होती.

"मॅडम, मला भ्या वाटतंय," ते म्हणाले. स्टुलावर ताठ बसले होते. "इसरायला हुतंय त्येचं न्हाई. वय झालं की माणूस इसरतंय. पर पुस्तकातलं कुठलं आन माज्या डोक्यातलं कुठलं, ह्येच कळंना झालंय. दोन्ही सेम दिसत्यात. एकावर एक छाप."

मी काहीतरी धीराचं बोलले. ते त्यांनी हाताने बाजूला सारलं.

"तुमी एक करा. रविवारी पुस्तक मांडीवर घिऊन बसा. मी नियम सांगितला की बगा. पुस्तकात नसला तर खोकायचं. बास. पोराम्होरं मला काय बोलू नका, निस्तं खोका. न्हाई खोकला म्हंजे मी समजंन, बराबर हाय."

"आणि खेळ थांबवला तर?"

"खेळात तरी कळंल मला, कुठवर गेलंय ते. घरात कोण खोकणार? मालन सगळ्यालाच व्हय म्हनती."

मी हो म्हणाले. दोन महिने मी मांडीवर पुस्तक घेऊन बसले. मी खोकले की ते बोलणं तिथेच सोडायचे, एक घोट पाणी प्यायचे आणि पुढे जायचे. सुरुवातीला रविवारी एकदा. मग तीनदा. मग मी मोजणं सोडलं. दर खोकल्याबरोबर ते खुर्चीत थोडे आणखी खाली जात. त्यांच्या आवाजातली ती जुनी भीती गेली होती आणि आमच्यात खरी येऊन बसली होती. शनिवारी संध्याकाळपासून माझा घसा दुखायला लागायचा.

मग तो रविवार आला. ते छान होते त्या दिवशी. जुन्यासारखे, बारीक आवाजात बोलत होते. आमची माणसं एका लढाईनंतर आपल्यातल्या मेलेल्या सोबत्याला पुरत होती. सुभेदार म्हणाले, "आता जो त्येचं नाव मोठ्यानं घील, त्येला म्होरल्या संकटात एक फासा जास्तीचा मिळंल. मेलेला माणूस तेवडी मदत करतुया." अमोलचे डोळे भरून आले होते. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. असा नियम कुठेही नव्हता.

मी खोकले नाही.

त्या दिवशी आणखी दोन नियम त्यांनी सांगितले. तेव्हाही नाही. जाताना ते आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. कितीतरी दिवसांनी.

मंगळवारी शाळेत काकूंचा फोन आला. "मॅडम, ह्ये स्कूटर घिऊन सकाळी सातला गेलेत. आता बारा वाजलं."

"किल्ली तर तुम्ही लपवली होती ना?"

"मागितली. म्हनले, रविवारभर मॅडम एकदाबी खोकल्या न्हाईत. मी बरा झालोय. दी किल्ली." पलीकडे काकूंचा श्वास ऐकू आला. "मलाबी बरं वाटलं ओ. मी दिली."

मी रिक्षाने त्यांच्या घरी गेले. दोघी मिळून स्टँड पाहिलं, मंडई पाहिली, ते औषधं घ्यायचे ती दुकानं पाहिली. दीड वाजता काकूंच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला. खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा एक पंक्चरवाला होता. "आजी, खिशातल्या चिठ्ठीवर तुमचा नंबर हाय. लौकर या. ह्ये रस्त्यातनं हलंना झालेत."

भाड्याची गाडी केली. वाटेत काकूंनी माझं मनगट धरलं होतं आणि त्यांची बोटं इतकी गार होती की मला स्वतःचाच हात गेल्यासारखा वाटला. मी मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होते. एक खोकला. फक्त एक खोकला हवा होता.

लांबूनच हॉर्न ऐकू आले. घाट उतरून येणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यात पुढे एक ट्रक तिरका थांबलेला, ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता. आणि रस्त्याच्या मधोमध सुभेदार उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, हात वर करून. पंक्चरवाला त्यांची बाही धरून ओढत होता.

"उतर खाली," ते ड्रायव्हरला सांगत होते. "ब्रेकचं रबर दाखव. कुटनं आणलं? कुणी तपासलं?"

तेवढ्यात मागचा एक टँकर रांग सोडून उजव्या बाजूने निघाला. तो त्यांच्या इतक्या जवळून गेला की शर्ट अंगावर फडफडला. काकू किंचाळल्या. मी पळाले. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मला लगेच ओळखलं. चेहरा उजळला.

"मॅडम, बरं झालं आला. ह्यो ऐकंना झालाय. खाली पोरगं चाललंय गाडी घिऊन, ह्येला काय पडलीच न्हाई."

"काका, बाजूला चला."

"थांबा. तुमी रविवारी खोकला न्हाईत." त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. "म्हंजे माजं बराबर हाय न्हवं? ह्ये खरं हाय न्हवं?"

मागे सगळे हॉर्न एकदम वाजत होते. मला काहीही सांगता आलं असतं. मी तोंडावर हात घेतला आणि खोकले.

त्यांचा वर केलेला हात हळूहळू खाली आला. त्यांनी ट्रककडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्या मागोमाग चालत आले. गाडीत बसल्यावर काकूंच्या खांद्याला डोकं टेकवून म्हणाले, "मालन, मला इथं कुणी आणलं?"

त्यानंतर टेबल बंद झालं. त्यांची मुलगी सुजाता सांगलीत असते. ती दोघांना तिकडे घेऊन गेली. रविवारी आता अमोल साताऱ्याला येत नाही, तिथेच जातो. मी काही महिने कारणं सांगत राहिले. शाळेची परीक्षा, पेपर तपासणी. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमोल म्हणाला, "ताई, आता चलच," आणि मी गेले.

सुभेदार पलंगावर बसले होते. बारीक झाले होते, पण केस कापलेले होते. मला ओळखलं की नाही कळलं नाही. "बसा" म्हणाले. अमोलने सांगितलं, पुस्तकं आता नसतात, फासेही नसतात. ते मनाला येईल ते सांगतात आणि तो त्यात आपली माणसं चालवतो. त्या दिवशीही त्यांनी सुरुवात केली. दोघेजण एका डोंगरातून चालले होते. कुठले दोघे ते माहीत नाही. मग एक वाट, मग एक घर. आवाज बारीक होत गेला. "दार लोटलेलं हाय," ते म्हणाले. "ढकललं. उगडलं. आन आत..."

ते थांबले. आम्ही वाट पाहिली. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला घाबरवलं होतं. त्या चेहऱ्यावर स्वतःची भीती मी फक्त एकदाच पाहिली होती, आणि तेव्हा ते स्टुलावर ताठ बसून तिच्याबद्दल बोलू शकले होते. आता ते मला विचारत होते, "आत कोण हाय?"

अमोलने माझ्याकडे पाहिलं. काकू दाराशी उभ्या होत्या.

"आत कुणी नाही, काका," मी म्हटलं. "रिकामी खोली आहे. खिडकी उघडी आहे. फरशीवर ऊन आलंय."

"कुणीच न्हाई?"

"कुणी नाही."

त्यांनी त्यावर बराच विचार केला. मग पलंगाची कड सोडली. "मग जाऊ आत," म्हणाले, आणि पाय खाली सोडून बसले.

निघताना मी एकदा वळून पाहिलं. काकूंनी त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं होतं आणि समोर पाटावर बसून त्या त्यांची नखं कापत होत्या. सुभेदारांनी एक हात काकूंच्या हातात दिला होता आणि दुसरा आधीच पुढे करून ठेवला होता. मान जराशी कलली होती. काकू काहीतरी बोलत होत्या आणि ते ऐकत होते, किंवा नुसतेच बसले होते.

अमोल अजून जातो. मी नाही गेले परत. शनिवार आला की ठरवते, बॅगही भरते.